लिलीपाँडमध्ये स्वरलेखनाचे पान पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले की बडोद्यातील आमच्या हौशी वाद्यवृंदाची मंडळी लिलीपाँड या स्वरलेखनाच्या संगणक-प्रोग्रामच्या फाइली माझ्याकडे पाठवू लागतात आणि सोबतचा निरोप बहुधा एकाच वाक्याचा असतो: ‘काका, पान पुन्हा बिघडले.’ आमच्याकडे व्हायोलिन, बासरी आणि क्लॅरिनेट वाजवणारे स्टाफ नोटेशन (पाच रेघांच्या स्टाफवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचतात, गाणारे शब्दांवर नजर ठेवतात, आणि गाणाऱ्यांत मराठी व गुजराती दोन्ही घरांतील माणसे असल्यामुळे पाच रेघांखाली मराठी शब्दांची एक ओळ आणि तिच्याखाली तेच शब्द गुजराती लिपीत, अशी पाने आम्हाला लागतात. या पानांवर तेच चार-पाच दोष दर वर्षी परत येतात. ते दुरुस्त करताना तपासणीचा जो क्रम हाताला बसला, तो येथे लिहितो.

लिलीपाँडमध्ये आपण स्वर साध्या मजकुराच्या रूपात लिहितो आणि पान कसे दिसावे हे प्रोग्राम स्वतः ठरवतो. १९९६ साली हान-वेन नीनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डच वादकांनी हे काम सुरू केले, तेव्हा जुन्या हाताने कोरलेल्या छपाईसारखे पान मिळावे हाच त्यांचा हेतू होता. माउसने ओढून काही सरकवण्याची सोय यात नसल्यामुळे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: पानावर दोष जेथे दिसतो तेथे त्याचे कारण क्वचितच असते. तिसऱ्या पानावरची ओळ कागदाबाहेर गेली, तर चूक बहुधा पहिल्या पानावरच्या एखाद्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधील तालाच्या तुकड्यात) असते. म्हणून दिसणारा दोष हाताने झाकण्याआधी कारण शोधावे, आणि शोधताना सर्वांत स्वस्त तपासणी आधी करावी.

आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने लिहायची आहेत.

लक्षणे

खालीलपैकी कोणते लक्षण आपल्या पानाला लागू पडते ते आधी कागदावर लिहून ठेवावे. एकाहून अधिक लक्षणे असतील, तर ती सर्व लिहावीत, कारण पुष्कळदा दोन लक्षणांचे मूळ एकच निघते.

• एखादी ओळ उजव्या समासाच्या पलीकडे जाते आणि कागदाबाहेर नाहीशी होते.
• एका ओळीत सात बार कोंबलेले असतात आणि पुढच्या ओळीत दोनच बार ताणून बसवलेले असतात.
• शेवटच्या पानावर एकटीच ओळ उरते.
• शब्द स्वरांच्या पुढे किंवा मागे सरकतात, एकमेकांवर चढतात किंवा अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.
• मध्येच एक रिकामा स्टाफ उगवतो किंवा आरंभी क्लेफ (स्वरांच्या जागा ठरवणारे चिन्ह) दोनदा दिसते.
• तीच फाइल आपल्या संगणकावर दोन पानांत मावते आणि दुसऱ्याच्या संगणकावर तीन पाने घेते.

आधी छपाई, मग फाइल

पहिली तपासणी पट्टीने करायची आहे. लिलीपाँडचा नेहमीचा स्टाफ २० पॉइंटचा असतो, म्हणजे पाच रेघांची एकूण उंची सुमारे ७ मिलिमीटर भरते. आकार बदललेला नसताना छापील कागदावर ती साडेसहा भरली, तर पान छापताना लहान झाले आहे आणि फाइलमध्ये काहीही बिघडलेले नाही. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ उघडल्यावर छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ हा पर्याय अनेकदा आधीच निवडलेला असतो. तो काढून ‘अॅक्च्युअल साइझ’ निवडण्यास सांगावे. कागद ए-४ आहे की लीगल, हेही विचारावे, कारण लिलीपाँड काही न सांगितल्यास ए-४ धरून चालते. आमच्या एका व्हायोलिनवादकाने समास बदलण्यात एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती आणि दोष दुकानातील कागदाच्या ट्रेमध्ये होता. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, आणि ती वगळली तर निरोगी फाइलवर उपचार होण्याचा धोका असतो.

जुने तोड काढून टाकावेत

फाइलची एक प्रत करावी आणि त्या प्रतीतून ‘ब्रेक’, ‘पेज-ब्रेक’ व ‘नो-ब्रेक’ या सर्व आज्ञा काढून पान पुन्हा तयार करावे. ओळ कोठे तोडावी हे या आज्ञा सक्तीने ठरवतात. त्या मागच्या वर्षी, वेगळ्या फॉन्टसाठी आणि बहुधा एका कडव्यासाठी घातलेल्या असतात. या वर्षी दुसरे कडवे वाढले, गुजराती ओळ आली, तरी त्या तशाच राहतात. सात बारची कोंबलेली ओळ आणि दोन बारची ताणलेली ओळ एकापाठोपाठ दिसली, तर मी सर्वप्रथम येथेच पाहतो. तोड काढल्यावर पान सुधारले, तर ते परत घालण्याची घाई करू नये. लिलीपाँड एका ओळीपुरता विचार करत नाही. सगळ्या ओळींचा आणि पानांचा ताण एकत्र तोलून तोड निवडते, आणि बहुतेक वेळा त्याची निवड आपल्यापेक्षा चांगली असते.

नोंदीतील पहिली चेतावणी आणि बारची मोजणी

सर्वांत जास्त दोष मला याच तपासणीत सापडले आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो.

पान तयार होताना लिलीपाँड एक नोंद लिहिते. फ्रेस्कोबाल्डी हा संपादक वापरत असाल, तर ती खिडकीच्या खालच्या भागात दिसते. पीडीएफ तयार झाले की आपण नोंद वाचत नाही; ही सवय मोडावी. नोंद वरून वाचावी आणि पहिल्या चेतावणीपाशी थांबावे, कारण पुढच्या बहुतेक चेतावण्या पहिलीच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

लिलीपाँड ओळ फक्त बारच्या रेघेपाशी तोडते, आणि त्या क्षणी एखादा स्वर चालू असेल तर तेथेही तोडत नाही. बारच्या रेघा ते स्वतः मोजून घालते. आपण मजकुरात जी उभी रेघ टाइप करतो ती केवळ पडताळणीची खूण असते, तिच्यामुळे पानावर रेघ उमटत नाही. आता रूपक तालातील एक गत घ्या. सात मात्रा, प्रत्येक मात्रेला एक क्वार्टर नोट, म्हणून ७/४. नवव्या बारमध्ये एका क्वार्टरच्या जागी चुकून तिच्या निम्मी, म्हणजे अर्ध्या मात्रेची एट्थ लिहिली गेली. त्या बारमध्ये चौदाऐवजी तेराच एट्थ भरल्या, त्यामुळे दहाव्या बारची पहिली क्वार्टर नवव्या बारच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेत सुरू होते आणि रेघेची जागा ओलांडून जाते. त्यापुढची प्रत्येक सम अशीच एखाद्या क्वार्टरच्या मधोमध येते. प्रत्येक रेघेपाशी एखादा स्वर चालूच असतो, म्हणून ओळ कोठेच तुटत नाही आणि उरलेली सर्व गत एकाच ओळीत कागदाबाहेर धावत जाते. पाहणाऱ्याला वाटते की समास चुकले आहेत. प्रत्यक्षात अर्धी मात्रा चुकलेली असते.

प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ टाइप केलेली असेल, तर नोंदीत ‘बारचेक फेल्ड’ असे शब्द आणि त्यापुढे १३/८ हा आकडा येतो. त्याचा अर्थ चौदापैकी तेरा एट्थ झाल्या असतानाच आपण बार संपल्याचे सांगितले. आकड्यासोबत ओळीचा क्रमांकही असतो, त्यामुळे चूक शोधायला अर्धे मिनिट पुरते. उभ्या रेघा टाइप केलेल्या नसतील, तर लिलीपाँड मुकाट्याने पुढे जाते आणि मोजणीबद्दल कसलीही चेतावणी देत नाही. म्हणून माझ्याकडे उभ्या रेघा नसलेली फाइल आली की मी आधी त्या घालतो; शंभर बारच्या फाइलला पाऊण तास लागतो आणि तो वेळ वाया गेला असे मला आजवर वाटलेले नाही. ट्रिप्लेट (दोनांच्या वेळेत बसवलेले तीन स्वर) किंवा हाताने घातलेली बीम (स्वरांच्या दांड्या जोडणारी जाड रेघ) बारच्या रेघेवरून पलीकडे जात असेल, तर तेथेही ओळ तुटत नाही. नवरात्रातील सहा मात्रांच्या चालींत हा प्रकार वारंवार आढळतो.

आवृत्ती, स्पेलिंग आणि एकके

फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक असावा. तो नसेल, तर फाइल कोणत्या काळातील आहे हे कळत नाही आणि जुनी फाइल नव्या आवृत्तीत आणणारी ‘कन्व्हर्ट-एलवाय’ ही सोय नेमके काय बदलावे हे ठरवू शकत नाही. उभ्या अंतरांची व्यवस्था २०११ सालच्या २.१४ या आवृत्तीत पूर्णपणे बदलली. तरीही त्याआधीच्या ‘बिट्वीन-सिस्टिम-पॅडिंग’सारख्या ओळी अजून एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवल्या जातात आणि त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

येथे एक सापळा आहे. स्वरांच्या मजकुरात आज्ञेचे स्पेलिंग चुकले तर लिलीपाँड लगेच तक्रार करते. ‘पेपर’च्या कंसात, म्हणजे कागदाची मापे आणि अंतरे लिहायच्या भागात, मात्र तसे होत नाही, तेथे चुकीचे नाव लिहिले, तर ते एक नवे, कोणालाच न लागणारे नाव समजून ठेवून घेते आणि गप्प राहते. ‘मी समास बदलतो आहे पण काहीच होत नाही’ असे कोणी सांगितले की मी त्यांना ते नाव एकेक अक्षर करून वाचायला सांगतो. याच कंसात एककांचाही घोटाळा होतो: समास आणि कागदाची मापे मिलिमीटरमध्ये धरली जातात, पण ओळींमधील अंतरे स्टाफच्या दोन रेघांमधील जागेच्या मापात मोजली जातात. २० पॉइंटच्या स्टाफमध्ये ती जागा पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असते. दोन ओळींत २० मिलिमीटर अंतर हवे म्हणून २० लिहिले, तर प्रत्यक्षात ३५ मिलिमीटर मागितले जातात आणि पाने वाढतात.

शब्दांमुळे बिघडलेले पान

आमच्या पानांवर स्वरांच्या खालोखाल त्रास शब्दांचा होतो.

अक्षरांच्या जागी चौकोन किंवा निरर्थक चिन्हे दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे का आणि फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवली आहे का ते पाहावे. डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेले गाणे उतरवून चालत नाही. ते पुन्हा टाइप करणे हाच मार्ग आहे. मजकूर बरोबर असेल, तर फॉन्टचे नाव स्पष्ट द्यावे. ‘लिरिक-टेक्स्ट’च्या ‘फॉन्ट-नेम’ या गुणधर्मात ‘नोटो सेरिफ देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ यांसारखा संगणकावर असलेला फॉन्ट लिहावा आणि गुजराती ओळीसाठी गुजराती अक्षरे असलेला फॉन्ट वेगळा लिहावा. नाव दिले नाही, तर संगणकावर जो फॉन्ट सापडेल तो वापरला जातो, आणि दोन संगणकांवर तो वेगळा असतो. अक्षरांची रुंदी बदलली की स्वरांमधील अंतर बदलते, त्याबरोबर ओळी बदलतात आणि शेवटी पाने बदलतात. तीच फाइल एका घरी दोन पाने आणि दुसऱ्या घरी तीन पाने का घेते, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

अक्षरे तोडण्याची पद्धतही तपासावी. ‘भक्ती’ हा शब्द ‘भक्’ आणि ‘ती’ असा तोडला, तर पाय मोडलेला क सुटा उभा राहतो. ‘भ’ आणि ‘क्ती’ असा तोडला की जोडाक्षर शाबूत राहते आणि गाणाऱ्याच्या डोळ्यालाही ते सवयीचे असते. दोन अक्षरगटांमध्ये दोन लघुरेषा द्याव्यात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी. जागा न सोडल्यास त्या लघुरेषा अक्षराचाच भाग समजल्या जातात, सगळा शब्द एका स्वराखाली बसतो आणि तो बार विनाकारण फुगतो.

शब्द सरकण्याचे सर्वांत फसवे कारण अवग्रहात आहे. आपल्या स्वरलिपीत अक्षर लांबवले की पुढच्या मात्रेखाली ऽ लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तीच सवय घेऊन मंडळी लिलीपाँडमध्येही ऽ टाइप करतात. लिलीपाँडमध्ये दोन किंवा अधिक स्वरांवर स्लरची (स्वर जोडून वाजवण्याची) कमान असेल, तर ते आपोआप एकच अक्षर धरून ठेवते आणि कमानीतील पुढच्या स्वरांना शब्द देत नाही. मींड दाखवण्यासाठी आपण कमान घातलेली असते आणि खाली ऽ देखील टाइप केलेला असतो. तो ऽ कमानीनंतरच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि तेथून पुढचे सर्व गाणे एक स्वर पुढे ढकलले जाते. दोहोंपैकी एकच ठेवावे. व्हायोलिनच्या गजासाठी घातलेल्या कमानींनीही हाच गोंधळ होतो. तेथे गाण्याची ओळ आणि व्हायोलिनची ओळ वेगळी लिहिणे सर्वांत निर्मळ. ते शक्य नसेल तर कमानीऐवजी ‘फ्रेझिंग स्लर’ वापरावी, कारण तिच्यामुळे शब्द थांबत नाहीत.

आलाप, कण आणि नको असलेला स्टाफ

आलाप लिहिताना ‘कॅडेन्झा-ऑन’ ही आज्ञा देऊन तालाची मोजणी थांबवतात. मोजणी थांबली की बारच्या रेघा थांबतात, आणि रेघा नसल्यामुळे ओळ तोडायला जागाच राहत नाही. संपूर्ण आलाप एका ओळीत कागदाबाहेर गेला, तर चूक काहीच झालेली नसते, फक्त सांगायचे राहिलेले असते. ‘बार’ या आज्ञेपुढे रिकामे अवतरणचिन्ह दिले की अदृश्य रेघ पडते आणि तेथे ओळ तुटू शकते. अशा रेघा मी गाणारा जेथे श्वास घेईल तेथे घालतो, म्हणजे ओळ तुटली तरी वाक्य तुटत नाही. या भागात स्वरांच्या बीमही आपोआप जोडल्या जात नाहीत. त्या हाताने जोडल्यास अदृश्य रेघेवरून पलीकडे जाऊ देऊ नयेत.

कण स्वर ‘ग्रेस’ म्हणून लिहिले जातात. ते एकाच वाद्याच्या ओळीत असतील आणि तुकड्याच्या किंवा बारच्या अगदी आरंभी येत असतील, तर दुसऱ्या वाद्याच्या ओळीशी त्यांचा मेळ बसत नाही. क्लेफ दोनदा दिसणे किंवा बारच्या रेघा जागा सोडणे ही त्याची लक्षणे आहेत. उपाय सोपा आहे: इतर सर्व ओळींत त्याच ठिकाणी तेवढ्याच मूल्याचा अदृश्य स्वर ‘ग्रेस’ म्हणून द्यावा.

रिकामा स्टाफ उगवला असेल, तर ‘न्यू स्टाफ’ असे स्पष्ट लिहिण्याआधीच एखादी ‘ओव्हरराइड’ (चिन्हाचे नेहमीचे रूप बदलणारी) आज्ञा दिली आहे का ते पाहावे. त्या आज्ञेला राहायला जागा हवी म्हणून लिलीपाँड स्वतःच एक स्टाफ उभा करते. आज्ञा स्टाफच्या आत किंवा ‘लेआउट’च्या कंसात नेली की तो जातो.

उभी अंतरे आणि एकटी उरलेली ओळ

येथपर्यंतच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तरच पानाच्या मांडणीला हात लावावा. आधी पानालाच बोलते करावे: ‘पेपर’च्या कंसात ‘अॅनोटेट-स्पेसिंग’ सुरू केले की प्रत्येक ओळीशेजारी बाण आणि आकडे छापले जातात आणि कोणते अंतर कोणत्या नियमामुळे पडले हे दिसते. काम झाल्यावर ते बंद करण्यास विसरू नये.

दोन ओळींमधील अंतर ‘सिस्टिम-सिस्टिम-स्पेसिंग’ ठरवते आणि त्यात चार आकडे असतात. ‘बेसिक-डिस्टन्स’ म्हणजे ताण नसताना हवे असलेले अंतर, ‘मिनिमम-डिस्टन्स’ म्हणजे दाबल्यावरही ज्याच्या खाली जायचे नाही ते अंतर, ‘पॅडिंग’ म्हणजे वरच्या ओळीचा सर्वांत खालचा भाग आणि खालच्या ओळीचा सर्वांत वरचा भाग यांत राहणारी किमान मोकळी जागा, आणि ‘स्ट्रेचेबिलिटी’ म्हणजे ताणले जाण्याची तयारी. पहिली दोन अंतरे स्टाफच्या मध्यापासून मोजली जातात, तिसरे मात्र प्रत्यक्ष शाईपासून. आमच्या पानांवर स्टाफखाली शब्दांच्या दोन ओळी असल्यामुळे अंतर जवळजवळ नेहमी पॅडिंगच ठरवते. बेसिक-डिस्टन्स थोडे कमी-जास्त करून काही फरक पडत नाही अशी तक्रार येते, तिचे कारण हेच.

शेवटच्या पानावर एकटी ओळ उरली असेल, तर मी याच क्रमाने जातो. आधी शीर्षकाची जागा पाहतो, कारण रागाचे नाव, ताल, कवी, संगीतकार आणि मंडळाचे नाव अशा पाच ओळींनी पहिल्या पानावरची एक ओळ खाल्लेली असते. मग ‘पेज-काउंट’ला हवी ती पानसंख्या देतो, लिलीपाँड त्या संख्येत बसवण्याचा प्रयत्न करते आणि बसत नसेल तर नोंदीत तसे सांगते. त्याने भागले नाही तर पॅडिंग किंचित कमी करतो. शेवटी स्टाफचा आकार २० वरून १९ करतो, फार तर १८. त्याखाली मी जात नाही. आमच्या वादकांत साठीच्या पुढची माणसे आहेत, दोघांत एक स्टँड असतो आणि मांडवातील उजेड वरून पडतो. अशा ठिकाणी कागद वाचवण्यापेक्षा तीन पाने द्यावीत आणि दोन ओळी मुद्दाम शेवटच्या पानावर ढकलाव्यात.

व्हायोलिनवादकाला पान उलटायला हात मोकळा लागतो. तुकडा लांब असेल, तर ‘पेज-टर्न-ब्रेकिंग’ ही पद्धत निवडावी आणि तिच्यासोबत पान उलटण्याच्या जागा शोधणारे एन्ग्रेव्हर (लिलीपाँडचा एक अंतर्गत घटक) चालू करावे. मग पान विश्रांतीच्या जागी संपते. विश्रांतीच नसेल, तर हे गाणे बसवणाऱ्याशी बोलून ठरवायचे असते, प्रोग्राम तेथे काही करू शकत नाही.

फाइल अर्धी करत जाणे

अजूनही कारण सापडले नसेल, तर फाइलचा उत्तरार्ध टिप्पणीच्या खुणांमध्ये, म्हणजे टक्केचिन्ह आणि महिरपी कंसाच्या जोडीत ठेवून पान तयार करावे. दोष राहिला तर तो पूर्वार्धात आहे, गेला तर उत्तरार्धात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. १२८ बारच्या फाइलमध्ये सात फेऱ्यांत एका बारपर्यंत पोहोचता येते. हे कंटाळवाणे काम आहे, पण येथे अंदाज चालत नाही, आणि चार बारचे जे छोटे उदाहरण हाती उरते तेच पुढे दुसऱ्याला दाखवायला उपयोगी पडते. तीनशे ओळींची फाइल पाठवून ‘काय चुकले?’ असे विचारले, तर जाणकार माणूसही तिला हात लावायला कचरतो.

हाताने सरकवणे

‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ने कोणतेही चिन्ह हवे तेथे नेता येते. मी ते सर्वांत शेवटी ठेवले आहे, कारण हे सरकवणे सगळी मांडणी ठरल्यानंतर होते आणि त्या चिन्हाची नवी जागा इतर चिन्हांना कळत नाही. आज ते मोकळ्या जागेत गेले, उद्या एक कडवे वाढले की तेच दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. गाणे कायमचे ठरले, शब्द तपासून झाले, फॉन्ट ठरला, आणि उद्या छपाई आहे, अशाच वेळी ते वापरावे. प्रत्येक ठिकाणी शेजारी टिप्पणी लिहावी की हे का सरकवले. माझ्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये असे एकेचाळीस बदल होते. ते सर्व काढले आणि एकच चुकलेली मात्रा दुरुस्त केली, तेव्हा पान सरळ झाले.

कोठे थांबावे

दोन संध्याकाळी गेल्या आणि चार बारच्या छोट्या उदाहरणातही दोष तसाच दिसत असेल, तर थांबावे. तो दोष बहुधा लिलीपाँडच्या आतल्या कामकाजाचा असतो किंवा स्कीम या भाषेत थोडे लिहिल्याशिवाय सुटणारा नसतो, आणि स्कीम येत नसताना कोठून तरी उतरवलेले वीस ओळींचे तुकडे फाइलमध्ये घालणे मला धोक्याचे वाटते. ते आज चालतात आणि पुढच्या आवृत्तीत कोणालाच दुरुस्त करता येत नाहीत. काम प्रकाशकाकडे जायचे असेल, वीसेक वाद्यांचा संचालकाचा स्कोअर (सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) असेल, किंवा भातखंडे पद्धतीची चिन्हे स्टाफसोबत एकाच पानावर हवी असतील, तर आरंभापासूनच हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याकडे द्यावे. त्याला मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट, आवृत्तीचा क्रमांक, छोटे उदाहरण आणि आपण आतापर्यंत काय काय करून पाहिले त्याची यादी, एवढे एकत्र द्यावे.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले असतील, तर मी फाइलला हातच लावू देत नाही. जे पान वाचता येते तेच छापावे, एकटी उरलेली ओळ कात्रीने कापून आधीच्या पानाच्या पायाशी चिकटवावी आणि त्याची झेरॉक्स सर्वांना वाटावी. तालमीत वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा ज्या पानावर आहेत, ते पान शेवटच्या क्षणी बदलू नये.